डॉक्टर ‘हं’ म्हणेपर्यंत

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी विमला सिस्टरांनी दिली. औषध कंपनीची आहे आणि मागच्या वर्षीची, म्हणून वार खोडून लिहायला लागतात. प्रत्येक पानाच्या खाली छापलंय, ‘सांधेदुखीवर खात्रीशीर’. सिस्टर बोलल्या, “तोंडाने बोलत नाहीस तर हाताने बोल. नाहीतर आतल्या आत गॅस होतो.” मग लगेच बोलल्या, “हे निदान नाही हां. सहज बोलले.”

निदान हा शब्द आमच्या दवाखान्यात शिवीसारखा आहे.

मी अक्षता. सतरा पूर्ण. शाळा नववीत सोडली. तोंडी परीक्षेला बाईंनी उभं केलं, मी पाच मिनिटं उभी राहिले, तोंडातून काहीच आलं नाही, बसले. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून गेले नाही, ते पोट अजून दुखतंय. आता भटवाडीत, घाटकोपरला, ट्रस्टच्या दवाखान्यात केसपेपर लिहिते. दवाखाना टेकडीवर आहे, चौऱ्याऐंशी पायऱ्या. वर येईपर्यंत अर्ध्या लोकांना नवीन आजार होतो.

दवाखान्यात आम्ही दोघीच. सिस्टर एकतीस वर्षं मोठ्या सरकारी हॉस्पिटलात होत्या, रिटायर झाल्या आणि इकडे आल्या. डॉक्टर चैतन्य आहेत, पण त्यांच्याकडे ट्रस्टचे चार दवाखाने. आमच्याकडे शनिवारी येतात. बाकीचे दिवस फोनवर.

८ जानेवारी, बुधवार

काम कसं चालतं ते लिहून ठेवते. पेशंट आला की सिस्टर त्याच्या डोळ्याची पापणी खाली करून बघतात, जीभ बघतात, नखं बघतात, पोट दाबतात. तेवढ्यात त्यांना कळलेलं असतं. पण सांगायचं नाही. नर्सने आजार सांगायचा नाही, औषध ठरवायचं नाही. मग त्या डॉक्टरांना फोन लावतात, स्पीकरवर.

“सर, बेचाळीस वर्षांचे गृहस्थ आहेत, थंडी वाजून ताप, एक दिवसाआड, घाम येऊन उतरतो. मलेरियासाठी रक्त तपासायला पाठवू ना?”

तिकडून येतं, “हं.”

मी फोनच्या वहीत लिहिते : सकाळी १०.२०, अमुक तमुक, डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी सांगितली.

हं तीन प्रकारचे आहेत. छोटा हं म्हणजे बरोबर. लांब हं म्हणजे ते गाडी चालवतायत. आणि हं? असा वर गेलेला म्हणजे ऐकू आलं नाही, परत सांगा. शनिवारी येऊन आठवड्याभराच्या सगळ्या केसपेपरवर सह्या करतात. सिस्टर त्यांना चहा देतात. सह्या करताना त्यांची जीभ बाहेर येते, लहान मुलासारखी.

११ जानेवारी, शनिवार

आमची एक पैज असते. फोन लावायच्या आधी सिस्टर माझ्या कानात आजाराचं नाव सांगतात. डॉक्टरांनी तेच सांगितलं तर मी सिस्टरांना एक श्रीखंडाची गोळी द्यायची. वेगळं सांगितलं तर त्यांनी मला. जूनपासून मीच देतेय.

त्यांना माहीत नाही, पण मी एका वेगळ्या वहीत सगळं लिहून ठेवते. वर लिहिलंय ‘सिस्टर आधी, डॉक्टर नंतर’. तारीख, पेशंट, सिस्टर काय बोलल्या, किती वाजता, डॉक्टर काय बोलले, किती वाजता. जुळलं की हिरव्या पेनाने टिक. आज एकशे बत्तीस झाले. लाल फुली एकच.

ती फुली महादूकाकांची. त्यांची बायको पुतळाबाई आमच्या पायऱ्यांखाली मासे विकते. काका छातीत जळतंय म्हणून आले होते. सिस्टर कानात बोलल्या, ॲसिडिटी. नेमकं त्या दिवशी डॉक्टर गाडी चालवत नव्हते. बोलले, “ईसीजी काढायला पाठवा.” हार्ट निघालं. काका वाचले, आता पुतळाबाईच्या बाजूला बसून गिऱ्हाइकांना मासे कसे ओळखायचे ते शिकवतात. पण सिस्टरांनी आठवडाभर पैज लावली नाही. मला त्या दिवशी चार श्रीखंडाच्या गोळ्या दिल्या. बोलल्या, “म्हणून विचारायचं असतं. नियम काय वेड्यांनी केलेला नाही.”

मला कळत नाही. मग बाकीच्या एकशे एकतीस वेळा कोणी केलेला?

२० जानेवारी, सोमवार

ट्रस्टचे मॅनेजर श्यामकांत सर आले. पायऱ्या चढून धापा टाकत होते, तरी उभ्या उभ्याच परिपत्रक वाचून दाखवलं. परिचारिकांनी रुग्णास आजाराचे नाव सांगू नये. औषध सुचवू नये. अंदाज व्यक्त करू नये. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात काहीतरी झालं म्हणे.

सिस्टरांनी ते स्वतः भिंतीवर चिकटवलं, वाकडं झालं म्हणून काढून परत सरळ चिकटवलं.

दुपारी जान्हवीची आई तिला कडेवर घेऊन आली. “सिस्टर, ताप आहे का हिला?”

“एकशे दोन आहे.”

“म्हणजे ताप ना?”

“एकशे दोनला काय म्हणतात ते डॉक्टर सांगतील.”

“अहो पण पोरगी भाजतेय.”

“भाजतेय हे तुम्ही बोललात. अक्षता, लिही, आई बोलली.” मग फोन लावला. डॉक्टर लांब हं बोलले.

जान्हवीची आई जाताना मला बोलली, “सिस्टरला काय झालंय आज?” मी परिपत्रकाकडे बोट दाखवलं. तिने वाचलं आणि बोलली, “ह्याच्यावर औषध काय?”

२९ जानेवारी, बुधवार

आज खूप लिहायचंय.

शनिवारी माघी गणपती आहे. मंडळाचा राजेशदादा, ज्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, नाक्यावर बांबूवर चढून बॅनर बांधत होता. वर गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते कोणी बघितलं नाही. पोरांनी त्याला उचलून चौऱ्याऐंशी पायऱ्या वर आणला. ओठ वडापावएवढे सुजलेले, अंगावर चट्टे, श्वास घेताना शिटीसारखा आवाज.

सिस्टरांनी फोन लावला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता...’ परत लावला. परत ती बाई. तिसऱ्यांदा लावला. राजेशदादाची नखं निळी व्हायला लागली. सिस्टरांनी फोन माझ्या हातात दिला, ट्रेमधला लाल डबा उघडला आणि बोलल्या, “वेळ बघ.”

“अकरा चाळीस,” मी बोलले. मोठ्याने बोलले. मलाच आश्चर्य वाटलं.

मांडीत इंजेक्शन दिलं. मग त्याचा हात धरून बसल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. दहा मिनिटांत शिटी बारीक झाली. मग राजेशदादा बोलला, “बॅनर सरळ आहे का बघा रे.” पोरं रडत हसायला लागली.

अकरा बावन्नला डॉक्टरांचा फोन लागला. सिस्टर नेहमीसारख्याच बोलल्या, “सर, चौतीस वर्षांचा मुलगा, गांधीलमाश्या चावल्या, घसा सुजलाय, श्वास अडकतोय. ॲड्रेनलिन देऊ ना?”

“सिस्टर, लगेच द्या.”

“दिलं, सर.”

तिकडून एक हं आला. हा चौथ्या प्रकारचा होता, मी आधी ऐकला नव्हता.

“वेळ काय लिहिलीय?”

“अकरा चाळीस.”

“ते... माझ्या फोननंतरची लिहा ना. अकरा त्रेपन्न वगैरे.”

“सर, वेळ खोटी नाही लिहायची. इंजेक्शनची वेळ खोटी लिहिली की पुढचं इंजेक्शन पण खोट्या वेळेला जातं.” सिस्टर हे त्यांच्याशी बोलल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. मी पेनाने लिहिलं. अकरा चाळीस. मग १०८ आली आणि राजेशदादाला हॉस्पिटलला घेऊन गेली.

१ फेब्रुवारी, शनिवार

राजेशदादा बरा. आज आरतीला टाळ वाजवत होता.

डॉक्टरांनी सगळ्या सह्या केल्या, एक सोडून. राजेशदादाचा केसपेपर दोनदा वाचला आणि पेनाला टोपण लावलं. बोलले, “सिस्टर, तुमच्या जागी मी असतो तर मी पण हेच केलं असतं.”

“तुमच्या जागी तुम्हीच असायला पाहिजे होतात, सर,” सिस्टर बोलल्या.

“माझं पण रजिस्ट्रेशन आहे ना, सिस्टर.”

“चहा घ्या. गार होतोय.”

जीभ बाहेर न काढता बसले होते. मला ते आज मोठे वाटले, आणि तसे आवडले नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाक्यावर फ्लेक्स लागलाय. दहा बाय आठचा. मधे सिस्टरांचा फोटो, बाजूला राजेशदादा हात जोडून, खाली मंडळाची चौदा पोरं गॉगल लावून. लिहिलंय :

‘डॉक्टर नसताना स्वतः निदान करून, स्वतः इंजेक्शन देऊन प्राण वाचवणाऱ्या भटवाडीच्या वाघीण विमला सिस्टर यांचे जाहीर आभार!’

‘डॉक्टर नसताना’ लाल अक्षरात आहे, बाकीचं पिवळ्या.

मला खूप आवडला. सिस्टर खालून वर वाचत उभ्या राहिल्या, जसा ईसीजी बघतात तशा. मग बोलल्या, “राजेश, तेवढंच लाल का केलंस?”

“मावशी, तेच तर मेन आहे. डॉक्टर असता तर त्यात काय?”

“उतरव बाळा.”

“असं कसं, मावशी? आठ दिवस तरी राहू दे. तुम्हाला लाजायला काय झालं? शनिवारी शाल पण आहे.”

सिस्टर लाजतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मीच.

१० फेब्रुवारी, सोमवार

शाल मिळाली. आज पत्र पण मिळालं.

कोणीतरी फ्लेक्सचा फोटो ट्रस्टला पाठवला. कौतुक म्हणूनच पाठवला असणार, खाली हात जोडलेले सहा इमोजी होते, श्यामकांत सरांनी स्वतः मोबाईलमध्ये दाखवले. मुलुंडच्या ऑफिसात १८ तारखेला चौकशी आहे. तोपर्यंत सिस्टरांनी यायचं, पण पेशंटला हात लावायचा नाही.

“सर, पेशंट मेला असता तर?” सिस्टरांनी विचारलं.

“तर प्रश्नच नव्हता,” सर बोलले. मग त्यांना स्वतःलाच ते बरोबर वाटलं नाही. “म्हणजे, वाईट झालं असतं. पण फाइलला काही आलं नसतं.”

आज सिस्टर दिवसभर हात मांडीवर ठेवून बसल्या. एवढे स्वच्छ हात मी त्यांचे कधी बघितले नव्हते. काढून टाकलं तर त्या काय करतील मला माहीत नाही. घरी कोणी नाही त्यांच्या. भाकरी पण त्या दवाखान्यातच खातात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा मला सुचलं.

श्यामकांत सरांना वाटतंय की सिस्टरांना कळत नाही आणि तरी त्या करतात. मग त्यांना कळतं हे दाखवलं तर झालं. माझ्याकडे वही आहे. एकशे चव्वेचाळीस वेळा आधी सिस्टर बोलल्या आणि त्यातल्या एकशे त्रेचाळीस वेळा डॉक्टर तेच बोलले. एवढा पुरावा कोर्टात पण नसतो.

दोन दुपारी बसून सगळं चांगल्या कागदावर उतरवून काढलं. समास आखला. सिस्टरांचा रकाना निळा, डॉक्टरांचा काळा. महादूकाकांची लाल फुली पण ठेवली, नाहीतर खोटं वाटेल. सिस्टरांना सांगितलं नाही. त्या नको बोलतील, लाजतात.

आजोबा बोलले, “गो, काय लिवतंस एवढा? तोंडान सांगूक काय झाला?” आजोबा मिलमध्ये होते, संप फुटला तेव्हापासून ते कागदावर विश्वास ठेवत नाहीत. मी सांगितलं, सिस्टरांसाठी आहे. बोलले, “बघ हां. सायबाक कागद दिलो की तो कागद सायबाचो.”

आजोबांना सगळ्यात काहीतरी वाईटच दिसतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. झकास झालं.

एसीचा हॉल होता. तीन माणसं. एक म्हातारे डॉक्टर, एक वकीलबाई आणि श्यामकांत सर. आधी डॉक्टर चैतन्य आत गेले आणि खाली बघत बाहेर आले. मग सिस्टर. मग मी. वकीलबाई खूप चांगल्या होत्या. स्वतः उठून मला पाणी दिलं.

“घाबरू नकोस हं बाळा. एवढंच सांग, विमलाताई कधी डॉक्टरांना फोन करायच्या आधी पेशंटला काय झालंय ते सांगायच्या का? म्हणजे एखाद्या वेळी?”

मला बोलायला येईना. तोंडी परीक्षेसारखंच. पण या वेळी माझ्याकडे कागद होते. मी ते पुढे सरकवले.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा वर करून सगळी सोळा पानं वाचली. मधे एकदा हसले. “ही नागीण बघा. अंगावर फोड यायच्या आधी ओळखलीय बाईने. मला नसती जमली.” वकीलबाईंनी विचारलं, “ह्या वेळा नक्की बरोबर आहेत?” मी जोरात मान हलवली. “आणि हे सगळं तू स्वतः ऐकलंस? तुझ्या कानांनी?” मी उजवा कान दाखवला. सिस्टर त्याच कानात बोलतात.

“बाळा, तू आमचं खूप मोठं काम केलंस,” त्या बोलल्या. श्यामकांत सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हातारे डॉक्टर मात्र खिडकीबाहेर बघत होते. थकले असतील, सोळा पानं वाचून.

सिस्टर बाहेर बाकावर थांबल्या होत्या. विचारलं, “काही विचारलं का गं?” मी नुसती हसले. निकाल लागला की त्यांना कळेलच.

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी कामाला आले.

१ मार्च, शनिवार

पत्र आलं. श्यामकांत सरांनी वाचायला घेतलं, पण तिसऱ्या ओळीला सिस्टरांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं.

‘आपल्याच दवाखान्यातील कर्मचाऱ्याने सादर केलेल्या, वेळेसह असलेल्या नोंदींनुसार आपण एकशे चव्वेचाळीस प्रसंगी अधिकाराबाहेर जाऊन निदान केल्याचे निर्विवाद सिद्ध होते. सबब आपली सेवा आजपासून...’

किती बरोबर होते ते पत्रात कुठेच नाही. मी दोनदा बघितलं.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. पत्रासोबत माझी सोळा पानं जोडली होती, प्रत्येकावर शिक्का. त्या एकेक पान उलटत गेल्या. बराच वेळ. शेवटी बोलल्या, “अक्षर सुंदर आहे तुझं.”

मग शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

“एक राहिली पण. सप्टेंबरातली, कांजूरमार्गवरून मुलीकडे आलेली म्हातारी, कावीळ. ती नाही लिहिलीस. एकशे पंचेचाळीस पाहिजे.”

मग आपला डबा, चष्म्याचं घर आणि शाल पिशवीत भरली. परिपत्रकाचा एक कोपरा सुटला होता, तो जाता जाता अंगठ्याने दाबून बसवला. आणि गेल्या. चौऱ्याऐंशी पायऱ्या. मी मोजल्या.

३ मार्च, सोमवार

काल लिहिलं नाही.

आज आईने विचारलं, तू मुद्दाम केलंस का? पुतळाबाईने पण विचारलं. तिने काय विचारलं ते लिहीत नाही.

६ मार्च, गुरुवार

दवाखान्यात स्क्रीन आलीय. सर्वेश नावाचा कंपनीचा माणूस बसवून गेला. पेशंटला समोर बसवायचं, स्क्रीन प्रश्न विचारते, मी हो किंवा नाही दाबायचं. सात मिनिटांनी आजाराचं नाव आणि औषधं छापून बाहेर येतात. डॉक्टर चैतन्यांची सही आतच आहे. आता ते शनिवारी पण येत नाहीत.

मी श्यामकांत सरांना कागदावर लिहून विचारलं, हे दाबायला नर्स नको का?

सर बोलले, “नर्स असली की तिला वाटतं तिला कळतं. मग ती बोलते. मग आपण सगळे अडकतो. तू बोलत नाहीस, तेच पाहिजे.”

मी लिहिलं, मी नववी पास पण नाही.

“मग अजून चांगलं. नियम नर्सला आहे, तुला कुठलाच नियम नाही. आजार सांगते ती स्क्रीन. तू फक्त बोट.”

गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं. ‘आरोग्य सहाय्यक’. आज मी एकोणीस लोकांचं निदान केलं. सिस्टरांना एकतीस वर्षांत एक पण करता आलं नाही.

१२ मार्च, बुधवार

सिस्टर आल्या.

सरळ खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, मी तयार होते. त्यांनी आधार कार्ड पुढे केलं. “केसपेपर काढ. विमला, वय साठ. तक्रार, गुडघा.”

मी काढला. त्या बाकावर जाऊन बसल्या. दारावर पाटी आहे, ‘फक्त रुग्णांनी आत बसावे’. आता त्या रुग्ण आहेत.

त्यांचा नंबर आला की बाजूच्याला बोलतात, “तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.” बाजूला बसलेली बाई विचारते, “सिस्टर, ह्याला काय झालं असेल हो?” त्या बोलतात, “मी काय सांगणार बाई, मी पेशंट आहे.” मग जरा थांबून बोलतात, “माझ्या ओळखीत एक पोरगा होता. त्याला असाच खोकला यायचा, असाच आवाज. त्याला बालदमा निघाला. त्याची आई घरात अगरबत्ती लावायची, ती बंद केली.”

मग ती बाई माझ्यासमोर येते. सात मिनिटांनी स्क्रीन सांगते, बालदमा. अगरबत्तीचं स्क्रीनला माहीत नाही.

एक वाजता सिस्टरांचा नंबर. मी स्क्रीनवर गुडघा दाबलं. छापून आलं, ‘डॉक्टरांना भेटा’. त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

माझ्याशी त्या पेशंटसारख्याच बोलल्या. अहो-जाहो नाही, पण पैज पण नाही.

२१ मार्च, शुक्रवार

रोज येतात. रोज गुडघा. त्यांच्याकडे ‘डॉक्टरांना भेटा’चे आठ कागद झाले. बाकावर त्यांच्या बाजूला बसायला रांग लागते. स्क्रीनसमोर पण रांग आहे, पण ती औषधासाठी.

२७ मार्च, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

साडेअकराला श्यामकांत सर स्क्रीन कशी चाललीय बघायला आले. पायऱ्या चढून नेहमीच धापा टाकतात, पण आज शर्टची कॉलर पिळून काढण्यासारखी होती. डावा जबडा चोळत होते. “सकाळी मिसळ खाल्ली, वर येतेय. चल, माझ्यावरच ट्राय करू.”

स्क्रीनने विचारलं, छातीत दुखते का?

“दुखत नाही, जळतंय. नाही दाब.”

तिखट खाल्ले का?

“हो.”

स्क्रीनने छापलं, आम्लपित्त. गोळ्या दोन, थंड दूध. खाली सही. “बघ,” सर बोलले, “सात मिनिटांत.” आणि कपाळ पुसलं. पंखा त्यांच्या डोक्यावरच होता.

बाकावर सिस्टरांनी आपला केसपेपर बाजूला ठेवला. कोणाकडे न बघता बोलल्या, “माझ्या ओळखीत एक महादू होता. त्याला पण जळतच होतं. मला पण ॲसिडिटीच वाटलेली.”

“विमलाताई, तुम्ही पेशंट आहात. पेशंटसारखं बसा.”

सिस्टर बसल्या. खरंच बसल्या. फक्त माझ्याकडे बघितलं. तसंच, राजेशदादाच्या वेळी बघितलं होतं तसं.

मी दवाखान्याचा फोन उचलला आणि १०८ लावला. तिकडून बाई बोलली, “बोला.” माझं तोंड उघडं, आवाज नाही. परत बोलली, “हॅलो, बोला.” परत तीच तोंडी परीक्षा, बाई उभ्या आहेत, वर्ग हसतोय, मी बसणार. पण बसायला खुर्चीच नव्हती, खुर्चीत सर होते, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“हार्ट आहे,” मी बोलले. “पुरुष, पन्नाशीचे, घाम, डावा जबडा दुखतोय. भटवाडी, नाक्यावरून वर, ट्रस्टचा दवाखाना. चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत, स्ट्रेचर आणि दोन माणसं जास्त आणा.”

“कोण बोलतंय? नर्स आहात का?”

“नाही.”

“बरं. गाडी निघाली.”

बस, एवढंच. नर्स नाही बोलल्यावर कोणी काहीच विचारलं नाही.

सिस्टरांनी पर्समधून स्वतःच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी सरांच्या हातावर ठेवली. “चावून खा.”

“हे तुम्ही... तुम्हाला देता...”

“मी नर्स नाही, श्यामकांत. चावा.”

सरांनी चावली. पेशंटने पेशंटला गोळी द्यायची नाही असा नियम अजून आलेला नाही. सिस्टर त्यांचा हात धरून बसल्या आणि मला बोलल्या, “वेळ?”

“अकरा एक्केचाळीस.”

५ एप्रिल, शनिवार

सर वाचले. हार्टच होतं. दोन स्प्रिंग बसवल्या म्हणे.

हॉस्पिटलातून त्यांचा फोन आला. आवाज बारीक होता. आधी थँक्यू बोलले. मग बोलले, “अक्षता, रिपोर्टमध्ये स्क्रीननेच सांगितलं असं लिही हां. ट्रस्टने अजून बारा स्क्रीन घेतल्यात.” मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं हो.

आज नाक्यावर नवीन फ्लेक्स लागलाय. दहा बाय बारा. मधे स्क्रीनचा फोटो, बाजूला श्यामकांत सर हात जोडून. ‘अत्याधुनिक स्क्रीनमुळे वेळीच निदान! आमच्या व्यवस्थापकांना जीवदान!’

राजेशदादा मान खाली घालून दवाखान्यात आला. “मावशी, ऑर्डर होती. काय करू?”

“छान झालाय,” सिस्टर बाकावरून बोलल्या. “यात ‘डॉक्टर नसताना’ नाही लिहिलंस?”

“नाही मावशी. नव्हता ना पण?”

“नव्हता.”

या फ्लेक्सचा फोटो पण कोणीतरी ट्रस्टला पाठवला असणारच. चौकशी नाही आली.

७ एप्रिल, सोमवार

रिपोर्ट रिकामाच पाठवला. वेळेच्या रकान्यात फक्त अकरा एक्केचाळीस लिहिलं. खोटी वेळ नाही लिहायची.

जुनी वही काढली. आधी कावीळवाली म्हातारी लिहिली, एकशे पंचेचाळीस. खाली लिहिलं : एकशे शेहेचाळीस. श्यामकांत सर. सिस्टर : हार्ट. स्क्रीन : ॲसिडिटी. हॉस्पिटल : हार्ट. हिरवी टिक. ही वही आता तांदळाच्या डब्यात राहणार. आजोबांना पण दाखवणार नाही.

सकाळी सिस्टर खिडकीशी आल्या. पूर्वी मी कागद पुढे सरकवायचे. आज तोंडाने विचारलं, “काय होतंय?”

“गुडघा,” त्या बोलल्या. आधार कार्ड दिलंच नाही, नुसता तळहात पुढे केला. पैज त्या जिंकल्यात, हे मला समजायला जरा वेळ लागला. मग मी ड्रॉवर उघडला आणि तळहातावर एक श्रीखंडाची गोळी ठेवली.

“हे औषध आहे का?” त्यांनी मोठ्याने विचारलं, मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

“नाही,” मी पण मोठ्याने बोलले.

“मग चालेल,” सिस्टर बोलल्या, आणि गोळी तोंडात टाकून बाकावर आपल्या जागेवर जाऊन बसल्या.